कारभाऱ्यांची संमती

एका संस्थानात मुदपाकखान्यात राबणारी पुतळाबाई कारभाऱ्यांकडे रजा मागायला गेली. तिच्या लेकीचे दिवस भरले होते. कारभाऱ्यांना आपल्या अरबी-फारसीची भारी मिजास. भर कचेरीत ते म्हणाले, "बाई, रजा हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ संमती. आमची संमती नाही, म्हणून रजा नाही."

एवढं शिकून ह्या बाप्याला बाळंतपण कळू नये! पुतळाबाईनं हात जोडले. "बरं झालं सांगितलंत, रावसाहेब. आता तेवढं कागदावर लिहून शिक्का मारून द्या. लेकीला कळा सुरू झाल्या की बाळाला वाचून दाखवते. म्हणते, कारभारी राजी नाहीत, माघारी फीर!"

अख्खी कचेरी खो खो हसली. कारभाऱ्यांनी कागद ओढला आणि महिनाभराची रजा लिहून दिली. अर्थ काही सांगितला नाही.