सत्यभामाबाईंचा गोळाभात

“मग माझं चुकलं कुठं, बाबाजी? एवढंच सांगा.”

मंदाकिनी भोयर मठाच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसली. आत जायचंही त्राण उरलं नव्हतं. एसटीतून उतरून टेकडी चढेपर्यंत तीनदा थांबली होती ती.

केवलदास बाबाजी जमिनीवर बसून तांदूळ निवडत होते. वय ऐंशीच्या पुढचं. बोटं थरथरायची, तरी खडा बरोबर सापडायचा.

“चुकलं, असं कोण म्हणतं?”

“सासूबाई. म्हणजे तोंडानं नाही म्हणत. मान फिरवतात.”

बाबाजींनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

“पाणी पी आधी.”

ती प्यायली. पाणी गार होतं. तेवढ्यानंही तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

वर्धा नदीच्या काठची पाचसहा गावं मंदाकिनीला ओळखत होती ती गोळाभातासाठी. तसा हा त्या भागात घरोघरी होणारा पदार्थ. हरभऱ्याच्या डाळीचा भरडा तिखटमीठ, तेल घालून घट्ट मळायचा, त्याचे गोळे अर्धवट शिजलेल्या भातात ठेवून वाफवायचे आणि वाढताना गोळा फोडून वर लसणाची चरचरीत फोडणी ओतायची. पण मंदाकिनीची तऱ्हा निराळी. भरड्यात ती बारीक चिरलेली आंबाडी घालायची, मूठभर तिळाचं कूट घालायची. तालुक्याच्या महिला मेळाव्यात तिला दोनदा पहिलं बक्षीस मिळालं होतं. लग्नाकार्यात बायका मुद्दाम तिला बोलावून नेत. ‘मंदाताईंचा गोळाभात’ असंच म्हणायचे सगळे.

तो करायला तिला शिकवलं होतं सासूबाईंनी. सत्यभामाबाईंनी. त्या आता अंथरुणाला खिळल्या होत्या.

“दोन महिने झाले, बाबाजी. दुसरं काही मागत नाहीत. ‘माझा गोळाभात दे,’ एवढंच. मी करते. एक घास घेतात आणि म्हणतात, ‘हा नाही.’”

“आंबाडी घालतेस?”

“आधी घातली. मग काढली. तीळ काढले. त्यांनी शिकवला होता तसाच केला, अगदी तस्सा. भरडासुद्धा जात्यावर काढला. तरी म्हणाल्या, ‘हा नाही. माझा दे.’”

“मग?”

“मग काय? सकाळी करते, संध्याकाळी करते. आता भरड्याचा वाससुद्धा नको झालाय मला. त्यांचा दंड माझ्या मनगटाएवढा राहिलाय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर...”

बाबाजी तांदूळ निवडत राहिले. सत्यभामाबाई पन्नास वर्षं या मठात येत होत्या. सुनेला गुरुमंत्रही त्यांनीच इथं आणून देवविला होता. तेव्हा बाबाजी काहीतरी बोलतील, धीर देतील, असं मंदाकिनीला वाटलं होतं.

“डबा आणलास?” त्यांनी विचारलं.

आणला होता. रिकाम्या हातानं ती कधी मठात आली नव्हती. तिनं डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. बाबाजींनी गोळा फोडला, भातात कालवला, घास घेतला. मग दुसरा.

“छान झाला आहे.”

इतक्या थकव्यातही मंदाकिनीचा चेहरा उजळला. “आंबाडी, बाबाजी. माझी युक्ती आहे ती. दुसरं कोणी घालत नव्हतं आधी.”

“किती वर्षं झाली?”

“अठरा तरी.”

“आणि सत्यभामेनं शेवटचा कधी केला?”

“त्यांनी...”

ती आठवू लागली.

अठरा वर्षांपूर्वीची पंगत. नणंदेचं डोहाळजेवण. मंदाकिनीनं पहिल्यांदाच आंबाडी घातली होती. पाहुण्यांनी मागून मागून खाल्लं. कोणीतरी जोरात म्हणालं होतं, “सासूपेक्षा सून सरस निघाली बरं का!” सगळे हसले. सत्यभामाबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भरड्याचा डबा वरच्या फळीवरून काढून सुनेच्या हाताशी ठेवला आणि त्या ओसरीवर जाऊन बसल्या.

सुटल्या बिचाऱ्या, असं तेव्हा मंदाकिनीला वाटलं होतं. किती बरं वाटलं होतं तिला.

“त्यानंतर नाही केला त्यांनी,” ती हळूच म्हणाली. “मी नको म्हटलं नव्हतं, बाबाजी. कधीच नाही म्हटलं.”

“मी कुठं म्हणतो, म्हटलंस?”

मग बाबाजींनी कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट दाखवलं. “आज आठ जण जेवायला आहेत. भरडा मळ.”

मंदाकिनी उठली. अंग दुखत होतं, पण हात आपोआप चालू लागले. परातीत भरडा, मीठ, तिखट, हळद, ओवा, तेल. पाण्याचा हबका. मळून झाल्यावर ती गोळे वळायला बसली तेव्हा बाबाजीही सरकत सरकत परातीच्या पलीकडे येऊन बसले.

“तुम्ही कशाला, बाबाजी? मी करते ना पटकन.”

त्यांनी ऐकलं नाही. थोडा भरडा घेतला आणि वळू लागले. गोळा एका बाजूनं चेपला, एका बाजूनं भेगाळला. त्यांनी तो परातीत ठेवला.

मंदाकिनीनं तो सहज उचलला. असा गोळा भातात फुटला असता. तिनं तेलाचं बोट लावून तो गुळगुळीत केला आणि परत ठेवला.

बाबाजींनी दुसरा वळला. तोही वाकडाच.

तिनं तोही नीट केला.

तिसरा. चौथा. ती बोलत होती, औषधांबद्दल, नवऱ्याबद्दल, रात्री चारचारदा उठावं लागतं त्याबद्दल. हात चाललेच होते. परात भरली.

बाबाजींनी परातीकडे पाहिलं. एक एक गोळा निरखला. सगळे एकसारखे, गोल, गुळगुळीत. मग त्यांनी आपले दोन्ही तेलकट तळवे समोर धरले आणि त्यांच्याकडे बघत राहिले, काहीतरी हरवल्यासारखे.

मंदाकिनी बोलायची थांबली.

तिनं परातीकडे पाहिलं. त्यातले बाबाजींचे कुठले, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“अगं बाई...” तिच्या तोंडून निघालं.

चुलीवर भाताचं आधण उकळत होतं. कोणी उठलं नाही. मंदाकिनी परातीच्या काठावर हात ठेवून बसून राहिली, आणि मग तिला रडू फुटलं. मोठ्यानं नाही. दोन महिने झोप न झालेलं माणूस रडतं तसं, थकून.

बाबाजींनी रडू दिलं.

थोड्या वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं. तांदूळ वैरले, भात अर्धा शिजल्यावर गोळे आत ठेवले, वर झाकण घातलं. हात धुतले. चारची एसटी गाठायची होती. बाबाजींच्या पाया पडून ती निघाली.

पायरीपर्यंत गेली आणि थांबली. तिथूनच मागे वळून म्हणाली,

“पण बाबाजी, त्यांना उठून बसता येत नाही. हातसुद्धा अंथरुणावरून वर उचलवत नाही आता. परातीपर्यंत पोचायचा कसा?”

बाबाजी पुन्हा तांदूळ निवडायला बसले होते. मान वर न करता ते म्हणाले,

“मग परात तिच्या हाताखाली घे.”