मधली जागा

कोंबड्यांना बोलता येत होतं, पण ऐकायचं कुणालाच नव्हतं, तेव्हाची गोष्ट. नव्या खुराड्यात तलंग, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांची पहिलीच संध्याकाळ. तांबडीनं चोची मारमारून सगळ्यांच्या मधली जागा पटकावली. "मांजर आलं तर आधी कडेच्यांना धरेल गं बायांनो!" म्हणून खुदखुदली मेली.

तेवढ्यात जाळीवर खरंच मांजराचा पंजा खरखरला. साऱ्याजणी धडपडत मधेच घुसल्या, एकीवर एक, थेट तांबडीच्या उरावर. तिचा श्वास कोंडला.

"उठा गं, मरते मी!"

"गप गं, बाहेर मांजर आहे!"

कडेची कबरी कशीबशी वरच्या आडव्या काठीवर उडाली. "अगं, पंजा इथवर पोचत नाही. या वर!"

एकेक करून सगळ्या उडाल्या. तांबडी धापा टाकत शेवटी चढली. मधे जागा होती, तरी म्हणाली, "सरका गं, मला कडेलाच बसू द्या."