पुढचं दार

"दाराला आतून कडी होती. तू आत कसा आलास?"

फकीरबाबांनी जप संपवून डोळे उघडले, तर समोर एक पांढऱ्या केसांचा माणूस हात जोडून बसलेला. भर दुपारी. पावलाचासुद्धा आवाज झाला नव्हता.

म्हातारा ओशाळला. पण थोडा सुखावलाही.

"फटीतनं तार घातली, बाबा. सवय हाय."

हा गेनबा. अट्टल घरफोड्या. निम्मा जन्म लोकांची घरं फोडण्यात गेला आणि निम्मा तुरुंगात. नुकताच सुटून आला होता.

"काय हवंय?"

"लेक हाय पलीकडच्या गावात, हौसा. धंदा सोडला, बाबा. आता जे काय दिवस उरलेत ते तिच्यापाशी काढायचेत."

"मग जा की तिच्याकडे."

"काल गेलतो..." गेनबाची मान खाली गेली. "परसदारी गेलो. हात आपसूक कडीवर गेला. निघाली बी. आत हौसा भाकरी थापत होती, पाठमोरी... तसाच पळालो."

"पुढच्या दारानं का नाही गेलास?"

"पुढच्या दारानं मी कधी कुणाच्या घरात गेलोय?"

बाबांनी दाराकडे बोट केलं.

"बाहेर हो."

गेनबाचा चेहरा पडला. मुकाट्यानं उठून तो बाहेर गेला. मागं कडी लागली.

"आता ये," आतून आवाज आला.

गेनबाचा हात खिशातल्या तारेकडे गेला... आणि थांबला.

त्यानं दारावर टकटक केली. इतकी हळू, की त्याची त्यालाच ऐकू आली नाही. आवाज होऊ नये म्हणून जन्मभर जपलेली बोटं ती.

आत सामसूम.

मग त्यानं दात आवळले आणि मूठ आपटली. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"कोण आहे?"

हा प्रश्न कानी पडला की गेनबा आजवर पळत सुटत आला होता. आत्ताही पाय वळलेच. पण त्यानं चौकट घट्ट धरली.

"मी... गेनबा."

दार उघडलं नाही.

"गेनबा हाय, बाबा!"

तरीही नाही. ऊन डोक्यावर तापत होतं. खिशातली तार तिथंच होती, आणि कडी काढायला त्याला एक क्षण पुरला असता. तो उभा राहिला. घामानं सदरा भिजला, तरी उभा राहिला.

कितीतरी वेळानं कडी वाजली. बाबांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. गेनबा घटाघटा प्यायला आणि तोंड पुसून म्हणाला, "जातो. पुढच्या दारानंच जातो."

बाबांनी तळहात पसरला. गेनबानं खिशातली तार काढून त्यावर ठेवली.

चार पावलं जाऊन तो परत वळला. डोळे भरून आले होते.

"पण बाबा... तिनं उघडलंच न्हाई तर?"

"दार तिचं आहे, गेनबा."