सोपानरावांच्या गाडीला मिळणारा मान

घाटाच्या पायथ्याशी कोंडगाव नावाचं एक गाव होतं. तिथे सोपानराव मळेकर नावाचे आचारी राहत. लग्न कुणाच्याही घरचं असो, मसालेभात सोपानरावांच्याच हातचा हवा, असं पंचक्रोशीत ठरून गेलेलं. हाताला चव होती, बोलण्यात गोडवा होता. फक्त मानाची हौस जरा जास्त होती. यजमानांनी चार लोकांत नाव घेतलं नाही, तर स्वारी घुश्शात घरी यायची.

एके वर्षी त्यांनी शहरातल्या एका डॉक्टरांची वापरलेली मोठी गाडी घेतली. किल्ली देताना डॉक्टर म्हणाले, "हिचे दिवे शहाणे आहेत. मागे ओझं भरलं की गाडीचं बूड खाली बसतं, तोंड वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ही गाडी ते ओळखते आणि दिवे आपणहून खाली वळवते. तुम्ही काही करायचं नाही."

हे शेवटचं वाक्य सोपानरावांना फार आवडलं. दिवे लावले की ते एकदा खाली झुकत, पुन्हा वर येत आणि मग आपल्या जागी स्थिर होत. आमची गाडी नमस्कार करते, असं सोपानराव ज्याला त्याला कौतुकानं दाखवत.

पुढे एका वाडीवरच्या लग्नाला जाताना ओढ्यातल्या दगडावर गाडीचं पोट घासलं. त्या दिवसापासून स्टिअरिंगमागच्या काट्यांशेजारी एक बारका पिवळा दिवा लागून राहिला. गाडी धावत होती, ब्रेक लागत होते, मग काळजी कसली? पण तो दिवा सारखा डोळ्यांवर येई. सोपानरावांनी बायकोकडून, मंदाबाईंकडून, एक मोठी टिकली मागून घेतली आणि दिव्यावर चिकटवून टाकली. त्यांच्या दृष्टीनं गाडी दुरुस्त झाली.

आणि नेमका तेव्हापासून त्यांचा मान वाढला. दिवेलागणीला पातेली आणि काहिली भरून ते घराकडे निघाले, की समोरून येणारी प्रत्येक गाडी दिवे उघडमीट करून त्यांना डिपर मारायची. जीपवाले मारायचे, दूधवाले मारायचे, एसटीचा ड्रायव्हरसुद्धा मारायचा. लोक आपली गाडी ओळखायला लागले, असं सोपानरावांनी मनाशी धरलं. मग तेही मोठे दिवे लावून उलट सलाम करत आणि खिडकीतून हात हलवत. काही जण जाता जाता ओरडून काहीतरी बोलत. वाऱ्यात ते नीट ऐकू येत नसे, म्हणून सोपानराव तो रामराम समजून चालत.

एके दिवशी दिवेलागणीला मंदाबाई शेजारच्या शेवंताला स्कूटीवर मागे बसवून भाचीच्या डोहाळजेवणाला निघाल्या. तासाभरात परत येते, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. त्याच सुमारास सोपानराव लग्नाचं काम उरकून घराकडे येत होते. मोरीच्या, म्हणजे लहान पुलाच्या, वळणावर समोरून एका दुचाकीनं डिपर मारला. एकदा नाही, सारखा. आता दुचाकीवालेही ओळखतात म्हणून सोपानराव खूश झाले. त्यांनी मोठे दिवे लावले, हात हलवला आणि पुढे निघून आले. घरी येऊन पाय धुतले, चहा केला. तास उलटून गेला तरी मंदाबाई परतल्या नाहीत, तसा त्यांचा चहा कपातच निवला.

बऱ्याच वेळानं अंगणात स्कूटी आली. ती दोघी ढकलत आणत होत्या. दोघी डोक्यापासून पायापर्यंत चिखलानं माखलेल्या. मंदाबाईंचं कोपर खरचटलं होतं, पण हातपाय धड होते. सोपानराव धावत पुढे गेले.

"काय झालं गं?"

"मोरीच्या वळणावर समोरनं गाडी आली," मंदाबाई म्हणाल्या. "डोळ्यापुढं नुसतं पांढरं. रस्ता कुठं अन् खाचर कुठं, काय दिसंना. डिपर मारून मारून सांगितलं, की दिवे खाली घ्या. तर बाबानं आणखी मोठे लावले."

"अन् आमी भातात पडलेल्या," शेवंता म्हणाली, "तर त्यो खिडकीतनं हात हलवत गेला. टाटा केल्यावानी."

हात हलवणारा कोण, ते सोपानरावांना कळलं. त्या वळणाच्या एका बाजूला भाताचं मऊ खाचर होतं. दुसऱ्या बाजूला खडकाळ ओढा होता. स्कूटी तिकडे वळली असती तर, या विचारानं ते ओट्यावर बसले.

शेवंता पदरानं तोंड पुसत म्हणाली, "त्यो टेंपोवाला यशवंताच असणार. गाडी वळखू आली न्हाय, पर असा मस्तवाल दुसरा कोन हाय? उद्या सगळ्या गावाला सांगते. बघू त्याला भाडं कोन देतं."

आता सोपानरावांनी नुसतं गप्प राहायचं होतं. गाडी कुणी ओळखली नव्हती. पंक्तीपंक्तीत ज्याचं नाव निघे, त्या माणसाची फजिती जन्मात कुणाला कळली नसती. पण यशवंताची चूल त्या टेंपोवर पेटत होती, हे त्यांना ठाऊक होतं. आणि समोर कोपर धरून उभी होती ती त्यांची बायको होती.

"यशवंता न्हवता," ते म्हणाले. "मी व्हतो."

मग मंदाबाईंनी विचारलं, "अन् हात कुणाला दाखवत व्हता?"

"मला वाटलं, रामराम करताय."

शेवंताला एवढ्या चिखलातही हसू फुटलं. मंदाबाई हसल्या नाहीत. "रोज मारतात व्हय डिपर तुमाला?"

"रोज. समदीच मारतात."

"समद्या रस्त्याला तुमचा एवढा पुळका कशापायी आलाय, ते एकदा इचारावंसं वाटलं न्हाय?"

लाजेनं त्यांचे कान तापले होते. तरीही छातीवरची मोठी धोंड बाजूला झाल्यासारखं त्यांना वाटलं. बायको समोर होती, धडधाकट होती आणि रागावत होती. यापेक्षा जास्त काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दोघांनी गाडी गोठ्याच्या भिंतीसमोर उभी केली. गाडी रिकामी होती. उजेडाची वरची कड जिथे आली, तिथे मंदाबाईंनी कोळशानं रेघ ओढली. मग सगळी भांडी मागे भरली. गाडी मागून खाली बसली आणि उजेड रेघ ओलांडून थेट कौलांवर चढला. दिवे जागचे हलले नाहीत.

मंदाबाई म्हणाल्या, "दिवे लावल्यावर नमस्कार करायची, त्यो बी बंद झालाय हिचा. अन् त्या टिकलीखाली काय हाय वो?"

सोपानरावांनी निमूटपणे टिकली काढली. पिवळा दिवा बिचारा अजून जळतच होता. मग पोतं अंथरून ते गाडीखाली शिरले. मागच्या चाकापाशी बोटाएवढी एक दांडी निखळून लोंबत होती. गाडी किती खाली बसली, ते दिव्यांना कळायचं ते त्या दांडीमुळे. तीच तुटल्यावर दिव्यांना ओझ्याचा पत्ता कसा लागणार? त्यांनी ती तारेनं बांधून पाहिली, तर दिवे भलतीकडेच वळले. शेवटी भरदिवसा, रिकामी गाडी घेऊन ते तालुक्याच्या मेस्त्रीकडे गेले. मेस्त्रीनं नवी दांडी बसवली आणि गाडी सपाट फरशीवर उभी करून दिव्यांची पातळी नव्यानं लावून दिली. नुसती दांडी बसवून भागत नाही, असं तो म्हणाला. पिवळा दिवा विझला.

सोपानरावांना वाटलं, झालं. पण मंदाबाई म्हणाल्या, "अंधार पडला की मी मोरीवर स्कूटी घेऊन येते. तुमी भांडी भरून समोरनं या."

"नको. परत काय झालं म्हंजी?"

"त्या दिशी न इचारता केलंत. आज समोरच्याला दिसतं का, ते इचारून करा."

सोपानराव निघाले. वळणावर स्कूटीचा दिवा दिसला, तसा त्यांनी गाडीचा वेग आणखी कमी केला. दिवा जवळ आला, सरळ रेषेत आला आणि गाडीच्या खिडकीशी येऊन थांबला.

"दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"रस्ता दिसला, खाचर दिसलं, ओढा दिसला," मंदाबाई म्हणाल्या. "उजेड खालीच व्हता. अन् आता तुमचं तोंड बी दिसतंय. घाबरलाय व्हय?"

"लई घाबरलोय."

"मग आता चालवा खुशाल," असं म्हणून मंदाबाई पहिल्यांदा हसल्या. सोपानरावांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि मोठा श्वास सोडला.

तात्पर्य: आपल्या उजेडानं कुणाचे डोळे दिपतात, ते आपल्याला बसल्या जागेवरून दिसत नाही, समोरच्यालाच दिसतं. त्यानं खूण केली तर ती मान समजून मिरवू नये, थांबून कारण विचारावं. आणि चूक आपली निघाली तर ती दुसऱ्याच्या माथी जाण्याआधी आपण होऊन सांगावी.