नसलेला पडदा

“आणि परत नेट गेलं तर, सर?”

बागवान सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. विद्यापीठाच्या सर्व्हरच्या गार खोलीत ते भर एप्रिलमध्येही स्वेटर घालून बसत. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

यंदाची पाळी रेवती धामणस्करची. नदीच्या गाळाचा नकाशा काढणारा तिचा प्रोग्राम सलग तीन दिवस चालायला हवा होता. आज बुधवार, आणि प्रबंध सोमवारी द्यायचा होता.

प्रोग्राम चालायचा इथं, सर्व्हरवर. त्याची खिडकी उघडायची तिकडे हॉस्टेलात, तिच्या लॅपटॉपवर. त्या खिडकीसमोर ती डोळ्यांत तेल घालून बसायची. तीनदा हॉस्टेलचं नेट गेलं, तीनदा खिडकी मिटली आणि तिच्याबरोबर प्रोग्रामही मेला.

दोष नेटचा, हे तिचं ठाम मत. पहिल्या नंबरानं पास होणाऱ्यांची मतं ठामच असतात. बिचारी थकली होती, पण मान ताठ होती.

“पण सर, सर्व्हर तर इथं चालूच असतो...”

“या सर्व्हरला स्क्रीन कुठं दिसतोय का, बघ.”

तिनं पाहिलं. काळी खोकी, वायरी, पंखे. स्क्रीन कुठंच नव्हता.

“प्रोग्राम पडद्याशिवाय चालत नाही,” सर म्हणाले. “म्हणून तो तुझ्या लॅपटॉपचा पडदा धरून बसतो.”

मग त्यांनी सर्व्हरलाच एक खोटा पडदा दिला. ना टेबलावर, ना भिंतीवर, नुसता मेमरीत. प्रोग्राम त्यावर सुरू झाला. रेवतीनं सोबत आणलेल्या लॅपटॉपवरून त्यात डोकावून पाहिलं. नकाशाची पहिली रेघ उमटत होती.

सरांनी हात लांब केला आणि तिचा लॅपटॉप मिटला.

तिनं चटकन लॅपटॉपकडे हात नेला. आता चौथ्यांदा...

पंखे घरघरत होते. सर स्वस्थ बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी लॅपटॉप उघडून तिच्यापुढे धरला. रेघ चांगली बोटभर पुढं सरकली होती. त्यांनी तो पुन्हा मिटला.

रेवतीला हायसं वाटलं. तरी राहवेना.

“पण सर, कुणी बघणारच नसेल, तर प्रोग्राम चित्र काढतोय कुणासाठी?”

सरांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं.

“एकतीस वर्षं मी या खोलीत बसून काम करतोय. तू आज पहिल्यांदा आलीस.”