कपिलीचं गाऱ्हाणं

माझं लिहिणं शुद्ध नाही. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि भारी शब्द येत नाहीत. बाळांनो, तेवढं सांभाळून घ्या.

डोंगराखालच्या एका खोपटात सगुणी आईबरोबर राहायची. त्यांची एकच गाय होती, कपिली. तिला इवलीशी पाडी झाली, कापसासारखी पांढरी. पण कपिलीला दूधच येईना. गव्हाण पिवळ्याधमक गवताने भरलेली, गाय दिवसभर चघळायची, तरी तिची हाडं वर आलेली. पाडीला तर उभंही राहवेना.

"दोन दिवस काढेल गं फार तर," आई म्हणाली आणि तोंड फिरवून चूल फुंकू लागली.

सगुणी डोळे पुसत माळावर गेली. गवत फुलोऱ्यात होतं. जांभळे, रुपेरी तुरे आणि त्यांवर दवाचे चिमणे मोती. तेवढ्यात बारीक आवाज आला, "आई गं!" एका कुसळात चिमुकल्या परीचा पोपटी पंख अडकला होता. सगुणीने हळूच कुसळ उपसलं. तिच्याच बोटात ते रुतलं, पण पंख तिने फाटू दिला नाही.

"दोन गोष्टी माग," परी म्हणाली. "मात्र स्वतःसाठी मागायचं नाही. आणि जे कळेल ते कुणापासून लपवायचं नाही."

"कपिलीला काय होतंय ते तिला सांगता येऊ दे."

घरी येते तर कपिली बोलायलाच लागली. "पोरी, पोट भरतं गं, पण अंगी लागत नाही! बी झडल्यावर कापलेलं गवत हे, नुसत्या काड्या. चावून चावून जबडा दुखला. फुलोऱ्यातलं आण. पण आज चारच मुठी, वाळल्यात मिसळून. मग रोज थोडं वाढव. एकदम घातलंस तर पोट फुगेल."

अख्खा भारा घालावा असं सगुणीला फार वाटलं. पण तिने चारच मुठी घातल्या. मग शेजारच्या गेनूतात्यांना सगळं सांगितलं.

तात्या खो खो हसले. "अगं, हिरवं कापलं की वाळून निम्मं होतं. पिवळं झाल्यावर भारे जास्त भरतात. आणि गाय बोलली म्हणे! माझी म्हैस तर पोथी वाचते!"

पण दुसऱ्या दिवशी कपिलीने चमचाभर दूध दिलेलं पाहून तात्यांनी गुपचूप दवाने भिजलेला अख्खा भारा म्हशीपुढे टाकला. दुपारी म्हशीचं पोट ढोलासारखं फुगलं. ती पाय ताणून पडली. तात्या रडू लागले.

सगुणी माळावर धावली. एकच मागणं उरलं होतं आणि पाडी अजून उठली नव्हती.

"परी, तात्यांच्या म्हशीला बरं कर."

"जो तुला हसला त्याच्यासाठी?"

"म्हैस कुठं हसली होती?"

परीचे डोळे भरून आले. "म्हैस उठली बघ. आणि पाडीसाठी तू मागितलं नाहीस, ते माझ्याकडून." तिने पंख पसरले. माळभर हिरवा-सोनेरी उजेड सांडला आणि परी त्यात विरघळून गेली.

घरी पाडी लटपटत्या पायांवर उभी होती. कपिलीला ढुशा देत, शेपटी हलवत दूध पीत होती. दारात तात्या उभे होते.

"सगुणाबाई," ते खाली बघत म्हणाले, "किती मुठी म्हणालीस गं?"

काल रात्री ही गोष्ट लिहून झाली. आज सकाळी उजाडताच बांधावरचं फुललेलं गवत मी गुरांसाठी कापलं आणि वाळायला सावलीत पातळ पसरून ठेवलं.