ओट्यावरचा पट

शुक्रवार, ६ फेब्रुवारी १९८७. सकाळी विरळ धुकं, मग कोरडं स्वच्छ ऊन. वारा नाही.

"...मग किल्ली कधी देणार, मास्तर?"

विश्वंभरचा हा प्रश्न कानावर आला तेव्हा मी दुकानाच्या फळ्या काढत होतो. वेशीतून आत शिरलं की पहिलंच माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. कोटात येणारा प्रत्येक माणूस माझ्यासमोरून जातो.

अंबादास मास्तर जाड चष्मा लावून वेशीतल्या दगडी बाकावर बसले होते. शाळेत त्यांनी चित्रकला शिकवली, आणि सुट्टीच्या दिवशी परगावच्या माणसांना आमचा जुना कोट फिरवून दाखवला. विश्वंभर त्यांचाच चेला. आता गावात गाईड म्हटलं की त्याचंच नाव निघतं. कोटातल्या बारवेच्या दाराची किल्ली तेवढी अजून मास्तरांकडे होती. बारवेच्या मालकांनी ती त्यांच्या हातात दिली होती; दुसऱ्या कुणाला दार उघडता येत नसे. रविवारी बाहेरची मोठी मंडळी येणार होती, आणि विश्वंभर त्यांना बारव दाखवण्याचं कबूल करून बसला होता.

मास्तर त्याच दुपारच्या गाडीने नागपूरला, लेकीकडे निघाले होते. कायमचे. सामान आधीच स्टँडवर गेलं होतं.

"किल्ली बारवेशी गेल्यावर देतो," मास्तर म्हणाले. "आधी मला कोट दाखव."

"तुम्हाला?"

"पाहुणा आहे असं समज. एकटाच आलोय, तुझ्याबरोबर फिरायचं ठरवलंय."

"म्हणजे परीक्षा."

मास्तर हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

"प्रल्हाद," त्यांनी मला हाक मारली, "तूही चल. दगड गुळगुळीत झालेत, हाताला धर."

मी फळ्या परत लावल्या आणि त्यांना कोपराशी धरलं. त्यांच्या एका पायात काळी चप्पल होती, एका पायात तपकिरी. प्रवासाची घाई, असं मला वाटलं.

विश्वंभर पुढे झाला. खरंच सांगतो, तो छान बोलतो. वेस कोणी बांधली, कोणी पाडली, कोणी पुन्हा बांधली. कुठला दगड काळा, कुठला नदीचा. कमानीवरचं कमळ कुठल्या कारागिराच्या हाताचं. एकदाही अडखळला नाही. बोट वर करायचा आणि म्हणायचा, "ते बघा, मास्तर."

मास्तर मान वर करायचे.

पहिल्या चौकात त्यांनी विचारलं, "कोपऱ्यावर काय आहे?"

"इथे नगारखाना होता. दिवसातून..."

"आत्ता?"

"आत्ता काही नाही. चहाची गाडी."

"गर्दी आहे गाडीवर?"

विश्वंभरने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. "मास्तर, मला भरकटवायला बघताय. नवा गाईड अशा प्रश्नांत सापडतो. मी नाही सापडणार."

"बरं," मास्तर म्हणाले.

पुढे कासारगल्ली. मास्तर मध्येच थांबले.

"इथे ऊन आलंय का रे, की अजून वरच्याच खिडक्यांवर आहे?"

"ही गल्ली मुद्दाम अशी अरुंद ठेवलेली आहे, मास्तर. घोडेस्वारांना दोघं दोघं जाता येऊ नये म्हणून. तुम्हीच शिकवलंत."

"हो... मीच शिकवलं."

ते चालू लागले. माझ्या हातावरची त्यांची बोटं घट्ट झाली होती. म्हातारपण, असं मला वाटलं.

कासारगल्ली संपते तिथे ताजोद्दीनभाईंचं अत्तराचं दुकान आहे. ते आणि मास्तर तरुणपणापासून त्या दुकानाच्या ओट्यावर बुद्धिबळ खेळायचे. ओट्याच्या दगडातच पट कोरलेला आहे. मागच्या हिवाळ्यात मास्तरांनी एक प्यादं पुढे सारलं आणि लगेच परत घ्यायला गेले. ताजोद्दीनभाई म्हणाले, "हात सुटला की प्यादं सुटलं." मास्तर म्हणाले, "बोट अजून त्याच्यावरच होतं." एवढ्यावरून दोघं बोलेनासे झाले. गाव आधी हसलं, मग हसायचं थांबलं. वर्षभर ओटा रिकामा राहिला. दिवाळीपासून तर मास्तर कोटातच आले नव्हते.

आज ओट्यावर मोहरे मांडलेले होते.

मला बुद्धिबळ येत नाही. पण डाव अर्ध्यावरचा होता, आणि समोर खेळायला कुणी बसलं नव्हतं, एवढं मला दिसलं. ताजोद्दीनभाई आत गादीवर बसले होते. मास्तरांना येताना बघून त्यांनी हात वर केला. तोंडाने काही बोलले नाहीत.

मास्तरांनी हात वर केला नाही.

ताजोद्दीनभाईंनी तो हात तसाच टोपीकडे नेला आणि टोपी सारखी केली.

विश्वंभर गल्लीच्या टोकाच्या कमानीबद्दल बोलत होता. बोलणं न तोडता त्याने ओट्याकडे बोट दाखवून ताजोद्दीनभाईंना नुसत्या खुणेने विचारलं. ते त्याच्याकडे बघत नव्हते, मास्तरांकडे बघत होते. मग हळूच त्यांची मान हलली. विश्वंभरने खांद्यावरचा पंचा कोपऱ्यात अंथरला आणि एकेक मोहरा उचलून त्यावर ठेवला. अगदी जपून, आवाज न करता. जुन्या दगडाला चरा जाऊ नये म्हणून त्याचा हात नेहमीच हलका असतो.

मास्तर श्वास घेत उभे होते. तिथे वाळ्याचा वास येतो.

"दुकानात कोण बसलंय?" त्यांनी विचारलं.

आत ताजोद्दीनभाईंनी मान वर केली.

"मास्तर, दुकान अलीकडचं. मूळ इथे पहारा बसायचा."

"पहारा राहू दे. आत्ता कोण बसलंय?"

"पुन्हा तेच," विश्वंभर हसला. "पाहुण्याला माणसांत गुंतू द्यायचं नाही. आता हे बघा, पहारेकऱ्यांनी वेळ घालवायला कोरलेला पट."

मास्तर म्हणाले, "त्याच्यावर काही आहे?"

"काही नाही. अगदी स्वच्छ. एकन् एक रेघ दिसतेय."

"फक्त रेघा?"

"फक्त रेघा."

मास्तरांनी आणखी थोडा वेळ वाट बघितली. कशाची, ते मला कळलं नाही. ताजोद्दीनभाई उठले आणि आमच्याकडे पाठ करून फळीवरच्या बाटल्या पुसायला लागले.

"चला," मास्तर म्हणाले.

बारव कोटाच्या मागच्या अंगाला आहे. मास्तरांनी कनवटीची किल्ली काढली, कुलूप चाचपलं, किल्ली अर्धी फिरवून कडी ओढली, मग पूर्ण फिरवली. दार उघडलं. त्यांची ती पद्धत आम्हाला माहीत होती, त्यामुळे त्यात वेगळं काही वाटलं नाही.

आत थंड होतं. विश्वंभरने पायऱ्या सांगितल्या, देवळ्या सांगितल्या, शिलालेख तोंडपाठ म्हणून दाखवला. शेवटी घाम पुसून म्हणाला, "झालं, मास्तर. काही राहिलं का?"

"पाणी कुठवर आहे?"

"समोर तर आहे. बघा ना."

मास्तर खाली बसले. जमिनीवरून हात फिरवून एक खडा शोधला आणि पुढे टाकला. मान तिरकी करून ऐकत राहिले.

खूप खालून आवाज आला.

"उतरलंय," ते म्हणाले. "माघ आहे, उतरणारच."

विश्वंभर त्यांच्याकडे बघत होता. मग त्याची नजर त्यांच्या पायांवर गेली... काळी चप्पल, तपकिरी चप्पल.

"मास्तर."

"बोल."

"तुम्हाला... कधीपासून?"

"दिवाळीपासून काहीच नाही. आधी थोडं थोडं गेलं."

"मग हा चष्मा?"

"सवय आहे रे. तो नसला की नाक उघडं उघडं वाटतं."

विश्वंभर पायरीवर बसला. "बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर लेकीने तेव्हाच उचलून नेलं असतं."

"आज तरी? सकाळी, वेशीत?"

"सकाळी म्हणालो की, मला कोट दाखव."

मास्तरांनी हात पुढे केला. हातात किल्ली होती.

"घे."

"नको, मास्तर. मला परीक्षा वाटली."

"घे. नागपुरात या किल्लीचं कुलूप नाही."

त्याने घेतली. मास्तर माझ्या बाजूला वळले. अंदाजाने वळले होते, तोंड माझ्या खांद्याकडे आलं.

"प्रल्हाद, अत्तराच्या दुकानात कुणी होतं?"

"ताजोद्दीनभाई होते."

"होते?"

"तुम्हाला बघून त्यांनी हात वर केला होता."

"...आणि मी?"

"तुम्ही विचारलंत, दुकानात कोण बसलंय."

"त्याने ते ऐकलं?"

"ऐकलं."

मास्तर उठले. घाईत पायरी चुकली. विश्वंभरने त्यांना सावरलं आणि मग त्यांचा हात सोडलाच नाही. दार ओढून घ्यायचं राहिलं, ते मी किल्ली घेऊन लावून आलो, आणि आम्ही आल्या वाटेने परत निघालो. जितकं भरभर चालवेल तितकं.

वाटेत विश्वंभर बोलत होता, पण आता वेगळं. "पुढे चिखल आहे, मास्तर, डावीकडून या. कासाराची सून दारात तांदूळ निवडतेय. ऊन गल्लीत उतरलंय, तुमच्या गुडघ्यापर्यंत आलंय." मास्तर ऐकत होते. मध्येच म्हणाले, "सून? म्हणजे धाकट्याचं लग्न झालं?" विश्वंभर म्हणाला, "झालं. मार्गशीर्षात." मास्तरांनी मान हलवली.

गल्ली संपली. विश्वंभर थांबला.

"सांग," मास्तर म्हणाले.

"दुकान बंद आहे. कुलूप आहे." मग तो म्हणाला, "आज जुम्मा, मास्तर. नमाजाला गेले असतील."

"आणि ओटा?"

"रिकामा आहे." कोपऱ्यातला पंचाही आता दिसत नव्हता.

"तो सकाळीही रिकामाच होता. तूच म्हणालास."

मास्तरांनी त्याचा हात हलवला.

"सकाळी मोहरे होते, मास्तर. डाव मांडलेला होता. मी उचलून ठेवले... तुम्हाला कोरीव काम नीट दिसावं म्हणून."

मास्तर ओट्यावर बसले. तळहात दगडावर ठेवला.

"अर्धा डाव होता?"

"अर्धा होता," मी म्हणालो.

"पांढरं प्यादं," मास्तर विश्वंभरला म्हणाले. "वजिराच्या पुढचं. ते पुढच्या घरात होतं, की मागे घेतलेलं होतं?"

विश्वंभर दगडाकडे बघत राहिला.

"आठव. घाई नाही."

"मास्तर..."

"तू स्वतःच्या हाताने उचललंस. मागे घेतलेलं होतं का?"

"मी बघितलं नाही, मास्तर. मी रेघा बघत होतो."

माझ्याकडे कुणी वळलं नाही. वळले असते तरी मला सांगता आलं नसतं.

आम्ही थांबलो. मशिदीकडून कुणी परतेना. स्टँडवर जायला रिक्षा करावी लागणार होती. ती वेशीपाशी उभी असते. मी तसं म्हणालो. मास्तर उठेनात. त्यांचं बोट दगडातल्या खाचेवरून फिरत होतं, एका घरातून दुसऱ्या घरात, आणि परत.

विश्वंभर त्यांच्या पायाशी बसला. डोकं टेकवायला वाकला तसे मास्तरांनी त्याचे खांदे चाचपून धरले.

"माझी चूक झाली, मास्तर," तो म्हणाला. "नुसत्या रेघाच बघत राहिलो."

"रेघा चांगल्याच आहेत," मास्तर म्हणाले. "मीच तर तुला दाखवल्या होत्या."

दुपारची गाडी वेळेवर सुटली. संध्याकाळी विश्वंभर ताजोद्दीनभाईंकडे गेला आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मास्तरांच्या लेकीचा नागपूरचा पत्ता मागून घेतला. प्यादं कुठल्या घरात होतं, ते सांगितलं नाही.